बाळंतीण आणि ‘लाभार्थी’ : शिकाऊ आरोग्यसेविकांच्या साधनांची भाषा

‘उमेदवारी’ हा शब्द आज निवडणुकीच्या बातम्यांनी इतका व्यापून टाकला आहे की, त्याचा जुना आणि अधिक मोलाचा अर्थ नव्या पिढीच्या कानावर क्वचितच पडतो. जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून काम शिकणे म्हणजे उमेदवारी करणे. फारसीतील ‘उमेद’ म्हणजे आशा. ज्याला काम अद्याप येत नाही, पण येईल अशी आशा आहे, तो उमेदवार. १९६१ च्या केंद्रीय कायद्यानंतर ‘शिकाऊ उमेदवार’ ही जोड सरकारी मराठीत रूढ झाली. तीत खरे पाहता द्विरुक्ती आहे. परंतु मूळ शब्दाचा अर्थ पुसट होत चालल्याची ती साक्षही आहे. ह्या प्रकारच्या शिक्षणाचे मर्म एवढेच की, शिकणाऱ्याला चूक घडण्यापूर्वी विचारता येते.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगावी ‘आशा’ नेमल्या गेल्या. कायद्याच्या दृष्टीने आशा ही शिकाऊ उमेदवार नव्हे. वस्तुतः मात्र तिचे शिक्षण उमेदवारीचेच आहे. नवजात बालकाच्या घरगुती काळजीचा जो भाग सहाव्या व सातव्या पुस्तिकेत येतो, त्याचे प्रशिक्षण पाच पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत देण्याची योजना आहे. दोन फेऱ्यांमध्ये तिने गावी परतावे, शिकलेले करून पाहावे, आणि अडलेले घेऊन पुन्हा यावे. मधल्या काळात गटप्रवर्तक व आरोग्यसेविका ह्या तिच्या जाणत्या सोबतिणी.

ह्या सोबतीत आता मोबाइलची भर पडली आहे. आरोग्यसेविकांसाठी ‘अनमोल’, लसीकरणासाठी ‘यू-विन’, अंगणवाडीसाठी ‘पोषण ट्रॅकर’, आशांना दूरध्वनीवरून ऐकवला जाणारा २४० मिनिटांचा ‘मोबाइल अकॅडमी’ हा पाठक्रम, अशी ही साधने आहेत. त्यांनी काम सुकर होते आणि शिकणारीस आधार मिळतो, असे सांगितले जाते. भाषेच्या अंगाने हे कितपत खरे आहे, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणात घेतला आहे. स्थळ म्हणून माहूर तालुका समोर ठेवला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम नामे पाहू. घरात जी ‘बाळंतीण’ असते ती नोंदीत ‘लाभार्थी’ होते. ‘बाळंतीण’ ह्या शब्दात बाळ आहे, काळ आहे आणि अवस्था आहे. शेक, धुरी, पथ्य, खोलीचे बंद दार हे सर्व त्या एका शब्दामागे उभे राहते. ‘लाभार्थी’ ह्या शब्दात फक्त योजना आहे. हा शब्दही कोठे तरी लागतोच, कारण पैसे खात्यात जमा व्हावयाचे असतात. परंतु शिकणाऱ्या स्त्रीच्या जिभेवर तोच शब्द आधी बसला, तर ती घरात शिरताना काय पाहावयास शिकेल, हा प्रश्न उरतो.

क्रियापदांची गोष्ट अधिक गंभीर आहे. नवजात बालकाच्या धोक्याच्या लक्षणांत ‘छाती आत ओढली जाणे’ हे एक लक्षण येते. नोंदीच्या भाषेत त्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढाच पर्याय असतो. व्याकरणदृष्ट्या ही कर्मणी रचनेतून साधलेली क्रियावाचक संज्ञा आहे. तीत पाहणारे कोणी नाही, पाहण्याची वेळ नाही, पाहण्याची रीतही नाही. प्रत्यक्षात मात्र बाळ शांत असावे लागते, अंगावरचे कापड बाजूला करावे लागते, आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. ६० किंवा त्याहून अधिक भरला तर पुन्हा मोजावा लागतो. घरची माणसे आपल्या परीने बोलतात. एखादी आजी म्हणते, ‘पोट उडतंय.’ दुसरीकडे ‘धाप लागली’ असे ऐकू येते. हिंदी बोलणाऱ्या घरात ‘पसली चल रही है’ असे म्हणतात. आता नवजात बाळ स्वभावतःच पोटाने श्वास घेते, त्यामुळे त्याचे पोट हलणे हे सर्वस्वी निरोगीपणाचेही असू शकते. ‘पोट उडतंय’ ह्या वाक्याला ‘होय’ मानावे की ‘नाही’, हा निर्णय भाषांतराचा आहे आणि वैद्यकाचाही आहे. ‘होय’ चुकले तर ओल्या बाळंतिणीला माहूरच्या डोंगरातून नांदेडपर्यंत विनाकारण प्रवास घडतो. ‘नाही’ चुकले तर बाळ हातचे जाते. शिकाऊ स्त्रीला आधार हवा तो नेमका येथे, आणि नोंदीची चौकट नेमकी येथेच मुकी होते.

ज्ञानाचा उगम पाहिला म्हणजे हा दोष अधिक डोळ्यांत भरतो. घरगुती नवजात काळजीची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने सिद्ध केली. ३९ गावांतील त्या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून हा कार्यक्रम देशभर आशांकडे आला. त्याच संस्थेने श्वास मोजण्यासाठी एक साधे उपकरण केले होते : एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. ज्या दाईला मोठे आकडे येत नाहीत, तिलाही त्यावरून न्युमोनिया ओळखता यावा, हा हेतू. प्रस्तुत लेखकास हे उपकरण भाषिकदृष्ट्या फार चोख वाटते. ते उत्तर मागत नाही, कृती करवून घेते. आणि कृती संपते तेव्हा उत्तर समोर असते. पडद्यावरील चौकट नेमके उलट करते : उत्तर मागते आणि कृती झाली असे गृहीत धरते. तेच ज्ञान मण्यांतून पुस्तिकेत, पुस्तिकेतून तक्त्यात आणि तक्त्यातून पडद्यावर आले. पण प्रत्येक टप्प्यावर आज्ञार्थ गळत गेला आणि भाववाचक नाम वाढत गेले.

येथे असा आक्षेप येईल की, ही साधने शिकविण्यासाठी नव्हेतच, ती हिशेबासाठी आहेत. आक्षेप मान्य आहे. परंतु मग त्यांना आधार म्हणू नये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा यंत्रांच्या नादुरुस्तीइतकीच ‘पोषण ट्रॅकर’च्या इंग्रजीची तक्रार होती. पुढे त्यात मराठी आली हे बरेच झाले. तथापि मराठी आली म्हणजे भाषेचा प्रश्न सुटला, असे माहूरमध्ये तरी म्हणता येत नाही.

रेणुकेच्या यात्रेमुळे महाराष्ट्राला परिचित असलेला हा तालुका भाषांच्या सीमेवर आहे. पैनगंगेपलीकडे यवतमाळ, दुसऱ्या अंगाला तेलंगणातील आदिलाबाद. तांड्यावर गोरमाटी, जेथे आई ही ‘याडी’ असते. गोंडांच्या वस्तीत गोंडी, कोलामांच्या पोडात कोलामी, बाजारात मराठी, दखनी आणि तेलुगू. १९५६ पूर्वी किनवटचा हा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्याच जिल्ह्यातील मार्लवाई येथे १९४३ पासून, हैमेनडॉर्फ ह्यांच्या योजनेनुसार, गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्यात आले, आणि त्यासाठी देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके रचली गेली. निलंग्यास जन्मलेले सेतुमाधवराव पगडी त्या भागात अधिकारी होते. कोलामी व्याकरणावरील त्यांचा ग्रंथ १९५० चा, म्हणजे एमेनो ह्यांच्या १९५५ च्या प्रसिद्ध ग्रंथाआधीचा. प्रशिक्षणासाठी शिकणाऱ्याची भाषा शिकावी लागते, ही जाणीव निजामी राजवटीतील काही अधिकाऱ्यांना होती. आजच्या साधनांत तिचा मागमूस दिसत नाही.

व्याकरणातील एक लहानसा मुद्दा नमुन्यादाखल सांगतो. मराठीत आई ‘ती’ आणि बाळ ‘ते’. त्यामुळे ‘ती जेवली का? ते ओढतं का?’ असे विचारले तरी आपल्याला गोंधळ होत नाही. कोलामीत एकवचनी नामांचे दोन वर्ग आहेत : पुरुष एका वर्गात, स्त्रिया, पशू आणि वस्तू दुसऱ्या वर्गात. पोडात मुलगी जन्मली असेल तर आई आणि बाळ ह्यांना जोडणारे सर्वनाम एकच. कोलामी वळणाने मराठी समजून घेणाऱ्या बाईला ‘ती’ आणि ‘ते’ ह्यांतील भेद निसटण्याची शक्यता आहे, आणि दूध कोण पीत नाही, ताप कोणाला आहे, ह्याचे उत्तर भलत्याच माणसाविषयी मिळू शकते. उपाय सोपा आहे : प्रत्येक प्रश्नात सर्वनामाऐवजी ‘बाळ’ किंवा ‘आई’ हे नाम पुन्हा उच्चारावे. प्रशिक्षणात हे एका वाक्यात सांगता येईल. त्यासाठी नवे यंत्र नको.

ऐकण्याच्या साधनांचा न्याय मात्र निराळा करावा लागेल. ‘मोबाइल अकॅडमी’त वाचण्याची अट नाही, आणि आवाजाला आज्ञार्थ सहज साधतो. उणीव एवढीच की, शिकणारीने आकडा दाबावयाचा. प्रश्न विचारावयाचा नाही.

प्रश्न विचारला जातो तो दुसरीकडेच. गावोगावच्या आशांचे व्हॉट्सॲपवर गट आहेत, आणि कोणत्याही योजनेने न रचलेली ही जागा उमेदवारीच्या जुन्या अर्थाशी सर्वांत जवळ आहे. तेथे शिकाऊ बाई आपल्या बोलीत अडचण बोलून पाठवते; जाणती बाई त्याच बोलीत उत्तर देते; बाकीच्या ऐकून शिकतात. पण त्याच गटात कधी बाळाचे छायाचित्र जाते, आईचे नाव जाते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. पोडातील आईला कोणी विचारले होते का, हे त्या कायद्याने आपोआप कळत नाही.

भाषाभ्यासकाला ह्या ध्वनिसंदेशांचा मोह पडेल. आपल्या विद्यार्थ्यांनी तो आवरावा. दुसऱ्याच्या आजाराचे बोल हे आपले साहित्य नव्हे. त्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रातील आशांच्या मासिक सभेत, त्यांच्या अनुमतीने, मागच्या बाकावर बसावे आणि शिकाऊ बायका कोणते प्रश्न कोणत्या शब्दांत विचारतात, एवढेच माणसांची नावे न घेता टिपून घ्यावे. ‘पोट उडतंय’चे गोरमाटी, गोंडी आणि कोलामी प्रतिशब्द त्या यादीत प्रथम यावेत.