काडीमोड ते हुकूमनामा : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात विवाहविच्छेदाच्या प्रक्रियेची चिकित्सा

प्रस्तावना

विवाह संपणे आणि तो संपल्याचे मान्य होणे, या दोन भिन्न घटना आहेत. काडी मोडून नाते तोडणे ती काडीमोड. लेखी मोकळीक ती फारकत किंवा सोडचिठ्ठी. ‘घटस्फोट’ हा शब्द मात्र मुळात विवाहाशी निगडित नाही. धर्मशास्त्रात पतिताला ज्ञातीबाहेर काढताना घट फोडण्याचा जो विधी होता, त्याचे ते नाव होय. या शब्दातील बहिष्काराची छाया विच्छेदाच्या प्रक्रियेतही उरली आहे काय, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने हिंदूंना घटस्फोटाचा वैधानिक हक्क मिळाला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता. हिंदू संहिता विधेयक रखडणे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५१ मधील राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. १९५४ मध्ये त्यांनी भंडाऱ्यातूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. तीत त्यांचा पराभव झाला. पुढच्याच वर्षी, १८ मे १९५५ रोजी, हिंदू विवाह अधिनियम अमलात आला. तोपर्यंत ज्या जातींत काडीमोडीची रूढी होती, तेथील स्त्रीला एक वाट होती. जेथे ती नव्हती, तेथे तीही नव्हती.

रूढी आणि पुरावा

अधिनियमाच्या कलम २९(२) ने रूढीनुसार मिळणारा विच्छेद अबाधित ठेवला. कलम २(२) नुसार, केंद्र शासनाची अधिसूचना नसेल तर, गोंडांसारख्या अनुसूचित जमातींना हा अधिनियम लागू होत नाही. तथापि रूढी सिद्ध करण्याचा भार तिचा आधार घेणाऱ्यावरच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. पंचांसमक्ष झालेली काडीमोड लोकांच्या स्मरणात राहते, दप्तरात नाही. मुद्रांकावर लिहिलेला फारकतनामाही केवळ लिहिला म्हणून रूढीचा पुरावा होत नाही. रूढी सिद्ध न झाल्यास पहिला विवाह कायम राहतो व दुसरा शून्य ठरतो. अशा वेळी पुनर्विवाहित स्त्री पहिल्या पतीशी कायद्याने बांधलेली आणि दुसऱ्याच्या घरी कायद्याने परकी ठरते. बहिष्काराची छाया ती हीच.

अधिनियमाची मर्यादा

न्यायालयीन हुकूमनाम्याने पुराव्याचा हा प्रश्न सुटतो. मात्र अधिनियमाची मूळ रचना प्रामुख्याने दोषावर उभी आहे. क्रूरता, किमान दोन वर्षांचा परित्याग इत्यादी कारणे सिद्ध करावी लागतात. १९७६ मध्ये कलम १३ ब अन्वये परस्परसंमतीचा मार्ग खुला झाला. त्यातील सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ करता येते, असा निर्णय २०१७ मध्ये झाला. पत्नीला स्वतःच्या निवासस्थानी अर्ज करण्याची मुभा २००३ च्या दुरुस्तीने मिळाली. पवनी किंवा लाखांदूरला माहेरी परतलेल्या स्त्रीसाठी ही सोय मोलाची आहे.

परंतु एका पक्षाने संमती नाकारल्यास मृतवत विवाहातही दोषच शोधावा लागतो. विधी आयोगाने १९७८ मध्येच विवाह सावरण्यापलीकडे मोडणे हे स्वतंत्र कारण मानण्याची शिफारस केली होती. त्यासाठीचे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले, पण कायद्यात रूपांतरित झाले नाही. अनुच्छेद १४२ अन्वये अशा विवाहाचा विच्छेद करता येतो, असा निर्वाळा घटनापीठाने २०२३ मध्ये दिला. परंतु तो अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयाचा आहे. साकोली वा तुमसरच्या पक्षकारास ते दार दूरच आहे.

निष्कर्ष

रूढीला विवाहाचा अंत ओळखता येतो, पण त्याची साक्ष देता येत नाही. कायदा साक्ष देतो, पण दोष वा उभयतांची संमती असल्याखेरीज अंत ओळखत नाही. या दोहोंमधील अंतराचा भार मुख्यतः स्त्रीवर पडतो. रूढी मोडून काढणे हा त्यावरील उपाय नव्हे. काडीमोडीनंतर, पुनर्विवाहापूर्वी, न्यायालयाकडून वैवाहिक स्थितीची घोषणा मिळविणे हा मार्ग आजही उपलब्ध आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी साहाय्य मिळते. तालुका विधी सेवा समित्यांनी ही माहिती गावपंचांपर्यंत नेल्यास पंचांच्या स्मरणातील काडीमोड न्यायालयाच्या दप्तरात येऊ शकेल.