‘लीडर’चे मराठी प्रतिशब्द : स्थान आणि कार्य

इंग्रजी ‘लीडर’ या शब्दापुढे पुढारी, नेता, नायक, अग्रणी, धुरीण, म्होरक्या असे प्रतिशब्द ओळीने मांडण्याची प्रथा आपल्या शब्दसंग्रहांत रूढ आहे. ही मांडणी सोयीची खरी. परंतु तिच्यामुळे हे सर्व शब्द एकमेकांच्या जागी चालतात असा समज होतो. पुढे असणे ही एक गोष्ट आणि इतरांस नेणे ही दुसरी. मराठीने या दोहोंसाठी निरनिराळे शब्द राखले आहेत. तो भेद पुसणारे भाषांतर सदोष ठरते, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

प्रथम शब्दांची घडण पाहू. ‘पुढारी’त पुढे हे स्थान आहे, ‘म्होरक्या’त बोलीतील ‘म्होरं’ आहे. ‘नेता’ व ‘नायक’ यांत ‘नी’ हा धातू, म्हणजे नेण्याचे कार्य आहे. ‘धुरीण’ हा मुळात जू वाहण्यास समर्थ असा बैल. त्यात स्थानही नाही व नेणेही नाही, भार आहे. स्थान आणि कार्य यांचा संयोग ‘अग्रणी’ या एकाच शब्दात झालेला दिसतो. इंग्रजी ‘लीड’चाही मूळ अर्थ ‘चालावयास लावणे, नेणे’ असाच होता. पुढे असण्याचा अर्थ त्यास नंतर चिकटला. म्हणूनच ‘लीडिंग आर्टिकल’ला आपण ‘अग्रलेख’ म्हणतो, पण साक्षीदारास अपेक्षित उत्तराकडे नेणाऱ्या ‘लीडिंग क्वेश्चन’ला ‘सूचक प्रश्न’ म्हणतो. येथे ‘अग्रप्रश्न’ म्हटले असते तर हसे झाले असते. गंमत अशी की अग्रलेख बहुधा वृत्तपत्राच्या आतील पानावर असतो.

पदनामांचा इतिहास याहून बोधप्रद आहे. ‘पेशवा’ या फारसी शब्दात ‘पेश’ म्हणजे पुढे. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदनामांचे संस्कृतीकरण झाले, तेव्हा पेशव्यास ‘मुख्यप्रधान’ व सरनोबतास ‘सेनापती’ ही नावे मिळाली. तरीही लोकांच्या तोंडी पेशवा टिकून राहिला. ‘प्रधान’ म्हणजे पुढे ठेवलेला. अरबी ‘मुकादम’चा अर्थही नेमका तोच. एक शब्द मंत्रिमंडळात गेला, दुसरा मजुरांच्या टोळीवर राहिला. अर्थ एक, प्रतिष्ठा मात्र निराळी. निगडी, आकुर्डी, चिंचवड या औद्योगिक पट्ट्यात त्यांच्या जोडीस ‘फोरमन’ आला; तोही शब्दशः ‘पुढचा माणूस’च. अर्थात कोशात समानार्थी ठरणारे शब्द समाजात समान नसतात. टोळीचा म्होरक्या आणि पक्षाचा नेता यांची अदलाबदल कोणी करीत नाही, याचे कारण हेच.

यावर आक्षेप येईल की, व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. वापराने शब्द झिजतात आणि पुढारी व नेता आज एकच झाले आहेत. आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. परंतु भेद केवळ व्युत्पत्तीत नसून व्यवहारातही जिवंत आहे. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघून निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामास जाते. तेव्हा निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात उभे राहून दिंडीचा क्रम पाहावा. पुढे पताकाधारी, मग टाळकरी, मृदंग आणि त्यांच्या मागे वीणेकरी. दिंडीत मान वीणेकऱ्याचा. पण तो आघाडीस नसतो. पताका घेणारा पुढे असतो. पण त्याला दिंडीचा प्रमुख कोणी मानीत नाही. येथे ‘लीडर’ कोण, या प्रश्नास एका शब्दाने उत्तर देता येत नाही. मराठीत मात्र अडचण पडत नाही : पुढे कोण आणि प्रमुख कोण, असे दोन प्रश्न ती सहज विचारते.

तेव्हा कोशकाराने पर्यायांची ओळ मांडून थांबू नये. प्रत्येकापुढे स्थान, कार्य, भार यांपैकी काय अभिप्रेत आहे आणि त्या शब्दाची प्रतिष्ठा काय, हे नोंदवावे. ‘आघाडीची कंपनी’ पुढे असते, ती कोणास नेतेच असे नाही. ‘गटप्रमुखा’ने मात्र गट नेला पाहिजे. जी भाषा पुढे असलेल्यास आपोआप नेता म्हणू लागते, तिच्या बोलणाऱ्यांना ‘हा आपणांस कोठे नेत आहे?’ हा प्रश्न सुचणे कठीण होते. मराठीजवळ तो प्रश्न विचारण्याचे साधन आहे. ते जपणे हे शब्दसंग्रहाचे काम होय.