धुतलेला गळा

गाणे टिपायला खास बांधलेली वास्तूच लागते असे नाही, हे आपल्याकडे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. 1902 साली फ्रेड गायस्बर्ग याने कलकत्त्यात गोहरजानचे गाणे मुद्रित केले, ते हॉटेलातल्या खोलीत. कर्ण्यापुढे तोंड धरायचे, तीनेक मिनिटांत रागाची हजेरी लावायची आणि शेवटी आपले नाव आपणच पुकारायचे. चुकले तर मेणाची तबकडी वाया. त्या धास्तीने गाणारा सावध असे. आज ती धास्ती गेली, आणि माझ्या मते हल्लीच्या घरगुती ध्वनिमुद्रणाचे जे काही बरेवाईट झाले, त्याचे मूळ इथेच आहे.

आमच्या लातुरात आता माडीवरच्या एखाद्या खोलीत संगणक, एक माइक आणि भिंतींना टांगलेल्या गोधड्या एवढ्या सामग्रीवर भजने, भीमगीते, हळदीची गाणी तयार होतात. याचे मी स्वागतच करतो. पुण्या-मुंबईची वाट धरल्याशिवाय ज्याचा आवाज कुठे उमटला नसता, तो पोरगा आज आईच्या हातच्या गोधडीआड उभा राहून गातो. परंतु स्वागत केले म्हणजे टीकाकाराचे काम संपत नाही.

आधी खोलीविषयी. 1993 च्या भूकंपात किल्लारी भागातली जाड दगडमातीच्या भिंतींची, माळवदाची घरे माणसांसकट बसली. त्यानंतर सिमेंटची घरे आली. ती यायलाच हवी होती. पण त्या गुळगुळीत, समोरासमोरच्या भिंतींत आवाज चेंडूसारखा टोले खातो. गोधडी त्यातला तीक्ष्ण टणत्कार शोषते. कोपऱ्यात साचणारा खर्जाचा घुमारा मात्र तिला दाद देत नाही. मग गाणारा माइकला चिकटतो. या जातीचे माइक चार बोटांवरून ऐकले की खर्ज फुगवून दाखवतात, आणि ऐकणारा म्हणतो, काय भारदस्त गळा! त्या भारदस्तपणात अंतराचा वाटा किती, हे परीक्षणात कोणी लिहीत नाही.

खरा घोटाळा पुढे, संगणकावर होतो. तेलाच्या शोधासाठी जमिनीखालच्या ध्वनिलहरींचा अभ्यास केलेल्या अँडी हिल्डेब्रँड या गृहस्थाने 1997 साली ऑटो-ट्यून बाजारात आणले. ढळलेला स्वर ते जागेवर आणते. युक्ती हुशार आहे. जपून वापरली तर निरुपद्रवीही. पण तिची नेहमीची बैठक पेटीची: सप्तकाची बारा घरे पाडायची आणि भटक्या स्वराला जवळच्या घरात लोटायचे. आपली मींड तर दोन घरांमधल्या वाटेवरच राहते!

याची कसोटी ओवीवर लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या काही 1996 साली आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात मुद्रित झाल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. 2017 पासून ‘पारी’ या संस्थेने हा संग्रह सर्वांपुढे आणला आहे. त्या बायकांचा स्वर पेटीवर शोधायला जाऊ नये. त्यात बोलणे किती आणि गाणे किती, हे सांगणे कठीण. ओवीची लय बांधली ती जाते ओढणाऱ्या हाताच्या फेऱ्याने. दम लागला तिथे ओळ थांबली. म्हणून तिच्यातल्या श्वासाला शब्दाइतकाच अर्थ आहे.

अलीकडे घरच्या स्टुडिओत नव्याने मुद्रित केलेल्या काही ओव्या ऐकल्या. गळा गोड, कष्ट प्रामाणिक. पण कानात यंत्राची टकटक घेऊन गायलेल्या, ओळ ओळ वेगळी घेऊन जोडलेल्या, श्वास कातरलेल्या. आणि मागे जात्याची घरघर म्हणून कुठून तरी आणलेला आवाज, जो लयीशी एकदाही जुळत नाही. दळणारी बाई घामाघूम होते. इथे कोणालाच घाम नाही. भावगीताला ही सफाई शोभेल. ओवीतून दम काढून घेतला की उरते ते पाठांतर, आणि पाठांतर मी शाळेत वर्षभर ऐकतो.

गिरणी आल्यापासून जाते कोपऱ्यात पालथे पडले. ओव्या तोंडपाठ असलेल्या बायका आता बहुतेक सत्तरीपुढच्या. दिवाळीला जमलेल्या गोतावळ्यात अशी एखादी आजी असेल आणि माइकवाला नातूही असेल, तर त्याने तिला हेडफोन लावू नये, एकटीला खोलीत कोंडू नये. तिची जाऊ किंवा नणंद शेजारी बसवावी, म्हणजे एकीने ओळ टाकली की दुसरी उचलील. माइक हातभर दूर ठेवावा. दोघी थांबतील तेव्हाच यंत्र थांबवावे. मधेच स्वयंपाकघरात भांडे वाजले तर वाजू द्यावे. पंखा तेवढा बंद करावा.