शेटलंडची जाळीदार शाल आणि कर्तृत्वाचा प्रश्न : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

स्त्रियांच्या हस्तकलांविषयी लिहिताना 'पारंपरिक' हे विशेषण फारसा विचार न करता योजले जाते. या एका शब्दातून दोन गृहीतके मांडली जातात. पहिले म्हणजे ती कला अतिप्राचीन आहे आणि दुसरे म्हणजे तिला कोणी विशिष्ट कर्ता नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांवर, विशेषतः अन्स्ट या बेटावर, सुयांवर विणली जाणारी जाळीदार लोकरी शाल जगभर 'पारंपरिक' म्हणूनच ओळखली जाते. तिचा सर्वांत तलम प्रकार अंगठीतून आरपार निघतो, म्हणून त्यास 'वेडिंग रिंग शाल' असे नाव पडले. या शालीच्या संदर्भात वरील दोन्ही गृहीतके कितपत टिकतात, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परंपरेचे वय :

शेटलंडमध्ये विणकाम जुने आहे. सतराव्या शतकात तेथील स्त्रिया डच मच्छीमारांना जाडेभरडे लोकरी मोजे विकत असत. जाळीदार शाल मात्र प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील निर्मिती आहे. पी. अँड ओ. या जहाज कंपनीचे एक संस्थापक आणि मूळचे शेटलंडचे असलेले आर्थर अँडरसन यांनी १८३७ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांना तेथील तलम मोजे भेट दिले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात शेटलंडचे विणकाम मांडले गेले. याच काळात, १८४० पासून, एडिंबरो येथील जेन गॉगेन यांची विणकामाची पुस्तके प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजेच ही 'परंपरा' बाजारपेठ, राजाश्रय आणि मुद्रण यांच्या सान्निध्यात घडली. लक्षणीय बाब अशी की, छापील नमुन्यांवर शहरातील लेखिकेचे नाव राहिले, तर बेटावरील विणकरणीच्या शालीवर केवळ बेटाचे नाव राहिले.

रचनेतील बुद्धी :

विणकरीण आईकडून शिकलेले नमुने केवळ गिरवते, असा एक समज आहे. शालीची रचना पाहिल्यास तो टिकत नाही. मध्यभागी चौकोन, त्याभोवती चार पट्टे आणि सर्वांत बाहेर दातेरी किनार असे तिचे तीन भाग असतात. जुन्या पद्धतीत विणकामाचा आरंभ मध्यापासून नव्हे, तर किनारीपासून होई. किनारीच्या सरळ कडेवरील टाके उचलून पट्टे विणले जात, ते कोपऱ्यांशी निमुळते होत आणि मध्यचौकोन शेवटी येई.

या क्रमाचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. किनारीच्या दर दोन ओळींमागे एक टाका उचलला जातो. किनारीचा एक दात १६ ओळींचा असेल, तर त्यातून ८ टाके मिळतात. 'ओल्ड शेल' या लाटांच्या नक्षीची एक आवृत्ती १८ टाक्यांची असते. ती पट्ट्याच्या आरंभी अपुरी राहू नये असे वाटत असेल, तर एका बाजूचे दात ९ च्या पटीत हवेत. ९ दातांचे ७२ टाके होतात आणि त्यांत नक्षी नेमकी चार वेळा बसते. कोपऱ्याकडे टाके कमी होत जातात, तेव्हा नक्षी कोठे तोडावी, हा निर्णय पुन्हा स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. थोडक्यात, पहिला दात विणण्यापूर्वीच संपूर्ण शालीचा हिशेब विणकरणीच्या मनात तयार असावा लागतो.

नक्षीच्या अंतर्गत रचनेतही हाच काटेकोरपणा आढळतो. सुईवर दोरा घेऊन छिद्र पाडले की एक टाका वाढतो. म्हणून कोठेतरी दोन टाके एकत्र विणून तो कमी करावा लागतो. 'ओल्ड शेल'मध्ये सहा छिद्रे एकत्र येतात आणि त्यांची भरपाई दोन्ही बाजूंना तीन-तीन जोड्या विणून होते. ही वाढ आणि घट दूर ठेवल्यामुळेच कापडाला लाटेचा बाक येतो. शेटलंडच्या विणकरणी हे बहुधा लिखित आराखड्याविना करीत. लिखित संहिता नाही म्हणून रचनाकार नाही, असा निष्कर्ष काढणे तर्कदुष्ट आहे.

श्रमाचे मोल :

मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर कातरण्याऐवजी हाताने उपटून घेणे, ती केसासारखी बारीक कातणे, विणणे, धुणे आणि चौकटीवर ताणून वाळवणे, अशी ही दीर्घ प्रक्रिया होती. तिचा मोबदला रोख क्वचितच मिळे. व्यापारी शालीच्या बदल्यात चहा, कापड इत्यादी दुकानातील माल देत. तो तत्काळ घेतला नाही, तर येणे नोंदवणारी 'लाइन' नावाची चिठ्ठी देत. या पद्धतीच्या चौकशीसाठी नेमलेले आयुक्त विल्यम गथ्री यांनी १८७२ मध्ये लरविक येथे साक्षी घेतल्या. १८८७ मध्ये यासंबंधीचा कायदा सुधारण्यात आला, तरी वस्तूंच्या रूपात मोबदला देण्याची प्रथा लगेच संपली नाही.

या चौकशीच्या अहवालात विणकरणींच्या साक्षी नावानिशी छापल्या आहेत. जिने शाल विणली तिचे नाव शालीवर नाही. परंतु तिला शालीचे पैसे का मिळाले नाहीत, हे सांगताना ते नोंदले गेले. कलेच्या इतिहासाने जे गाळले, ते देण्याघेण्याच्या चौकशीने राखले.

अभ्यासग्रंथांची दृष्टी :

रिचर्ड रट यांच्या 'अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग' (१९८७) या ग्रंथाने विणकामाविषयीच्या दंतकथा बाजूला सारून कालक्रम मांडला, हे त्याचे मोठे कार्य होय. लिंडा फ्रायर यांनी १९९५ मध्ये शेटलंडच्या विणकाम उद्योगाचा इतिहास लिहिला. लिन अॅब्रम्स यांच्या 'मिथ अँड मटेरिअॅलिटी इन अ वुमन्स वर्ल्ड' (२००५) मध्ये विणकरीण ही आर्थिक आणि सामाजिक व्यक्ती म्हणून उभी राहते. दुसरीकडे, शॅरॉन मिलर यांच्या 'एअरलूम निटिंग' (२००२) मध्ये जाळीदार विणीचे नमुने चौकटींच्या आलेखांत बांधले आहेत, त्यामुळे ही विद्या बेटाबाहेरच्यांनाही शिकता आली. तथापि आलेख नक्षीचा एक पाठ स्थिर करतो. प्रत्येक विणकरणीने कोपऱ्यात, किनारीत केलेले पाठभेद त्यात मावत नाहीत. श्रमाचा इतिहास एका बाजूस आणि नमुन्यांचे तंत्र दुसऱ्या बाजूस, अशी ही विभागणी आहे. या दोहोंना जोडणारा दुवा, म्हणजे रचनाकार म्हणून विणकरीण, दुर्लक्षित राहतो.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, शेटलंडच्या शालीबाबत 'पारंपरिक' हा शब्द वर्णनापेक्षा मूल्यनिर्णयच अधिक करतो. जी रचना परंपरेची, ती कोणाचीच नाही आणि जी कोणाचीच नाही, तिच्या रचनेचे मोलही देणे नाही, अशी ही विचारसाखळी आहे. व्यापाऱ्याने हातांच्या श्रमाचे मोल मालात दिले. बुद्धीचे मोल हिशेबात धरलेच नाही. समीक्षेने तरी हा हिशेब अपुरा ठेवू नये. संग्रहालयातील शालीवर कर्त्रीचे नाव आज लिहिता येत नसेल, तरी तिने कोपरा कसा सोडवला, दातांचा मेळ कसा घातला, हे शालीतूनच वाचता येते. ते वाचणे आणि लिहून ठेवणे हे समीक्षेचे कर्तव्य ठरते.