लेखक मोजले, वाद कुठे मोजला?

जयपूरच्या राजस्थान विद्यापीठातले तत्त्वज्ञ दया कृष्ण (१९२४–२००७) यांनी भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेच्या इंग्रजी नियतकालिकाचे संपादन दीर्घकाळ केले. लेखांच्या जोडीने त्यांनी तिथे वादालाही हक्काची जागा दिली. एकाने शंका काढायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचे आणि तिसऱ्याने ते खोडून काढायचे. याच वादांतून वेदान्त, मीमांसा आणि न्याय यांवरचा एक ग्रंथ २००४ मध्ये सिद्ध झाला. नियतकालिकांचा आकडेवारीने अभ्यास करणाऱ्या ग्रंथमितीत मात्र बहुधा ‘लेख’ तेवढे मोजतात. टिपणे आणि प्रत्युत्तरे ‘इतर’च्या रकान्यात जातात, नाहीतर गळतात. म्हणजे या नियतकालिकाचा प्राणच तक्त्याबाहेर राहतो.

शास्त्र म्हणून ग्रंथमितीबद्दल माझी तक्रार नाही. थोडे लेखक पुष्कळ लिहितात आणि बहुतेक जण एकदाच लिहितात, हा लोटकाचा १९२६ चा नियम आजही उपयोगी आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी तर १९४८ मध्येच ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्राची जोड द्यायला सांगितले होते. पण आपल्याकडचे असे पुष्कळसे अभ्यास एकाच साच्यातून निघतात. वर्षवार लेखसंख्या, एकलेखकी आणि बहुलेखकी लेख, आणि मग सुब्रमण्यम यांच्या १९८३ च्या सूत्राने काढलेला सहलेखनाचा अंश (एकूण लेखांत बहुलेखकी लेखांचे प्रमाण), एवढे झाले की निबंध तयार. मानव्यविद्यांत हा अंश कमीच निघतो आणि मग सहकार्य वाढवण्याची शिफारस होते. प्रयोगशाळेत दहा जणांच्या कामावर दहा नावे येतात. तत्त्वज्ञानाचा लेखही दहा जणांशी भांडूनच घडतो, पण त्यावर सही एकाची असते.

त्याच १९८३ मध्ये पुण्यात काय घडले ते पाहावे. न्यायशास्त्राच्या परंपरेतले पंडित आणि विद्यापीठीय तत्त्वज्ञ समोरासमोर बसले. चर्चेला विषय होता तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलची विधानाची संकल्पना. त्या चर्चेतून पुढे १९९१ मध्ये ‘संवाद’ हा ग्रंथ निघाला. दया कृष्ण, मे. पुं. रेगे, रा. चं. द्विवेदी आणि मुकुंद लाठ हे त्याचे संपादक. रसेलला नैयायिकाने दिलेले उत्तर हे सहलेखन नव्हे, तर दुसरे काय? आणि अशा वादाचे पडसाद दहा-वीस वर्षांनी उमटतात. दोन वर्षांच्या उद्धरणांवर बेतलेला प्रभावांक त्याची दखल कशी घेणार?

मराठीत अडचण त्याच्याही आधी सुरू होते. ‘संवाद’च्या संपादकांपैकी रेगे हे ‘नवभारत’ या मराठी वैचारिक मासिकाचे संपादक होते. मराठीत ते मे. पुं. रेगे आणि इंग्रजीत एम. पी. रेगे. यंत्राच्या लेखी या दोन वेगळ्या व्यक्ती. एका माणसाचे लेखन असे दोन खात्यांत विभागले, तर लोटकाचा तक्ता पहिल्या ओळीपासूनच चुकतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकट्याच्या जिद्दीवर उभी केली. ती चिकाटी आज वैचारिक नियतकालिकांच्या वाट्याला यायला हवी.

त्याऐवजी आपण याद्यांमागे धावलो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. मग पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या साहाय्याने ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. यादीत नाव आहे की नाही, एवढ्यावर जिथे बढत्या ठरल्या, तिथे नियतकालिक वाचून पाहण्याची गरजच कोणाला वाटली नाही.

ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. पुढचा प्रबंध घेताना ‘नवभारत’ किंवा ‘समाज प्रबोधन पत्रिका’ घ्या आणि पहिल्या अंकापासून लेखकसूची करा. कोणी कोणाला उत्तर दिले, याचा एक रकाना त्यात जरूर ठेवा. सहलेखनाचा अंश नंतर काढला तरी चालेल.