रिकामा हात

इटलीतील सुरुवातीच्या ताम्रछापचित्रांविषयी लिहिताना समीक्षक बहुधा शरीररचनेच्या अभ्यासाकडे नाहीतर कोरणीच्या कौशल्याकडे वळतात. आमच्या मते या चित्रांची पारख हातांवरून करावी. अल्बेर्तीने १४३५ मध्ये आपल्या चित्रकलेवरील ग्रंथात सांगितले होते की, मनाच्या हालचाली शरीराच्या हालचालींतून कळतात. रंगाची साथ नसलेल्या छापचित्रात हा भार हातांवर अधिकच पडतो.

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले कागदावर उलटे उमटते. उजवा हात डावा होतो. म्हणजे कोरणाऱ्याला प्रत्येक हाताचा आधीच उलटा विचार करावा लागे. वर्गात उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून लिहिणाऱ्या आम्हांला दिशाबदलाची ही कसरत परकी वाटत नाही.

फ्लॉरेन्सच्या अंतोनियो पोलायुओलोचे 'नग्न पुरुषांची लढाई' हे चित्र सुमारे १४७० चे. त्यात दहा पुरुष तलवारी, कुऱ्हाडी, खंजीर, धनुष्ये घेऊन भिडले आहेत. मधल्या दोघांनी एकाच साखळीची दोन टोके धरली आहेत. सर्वांचे स्नायू सारखेच ताणलेले. भांडण कशासाठी, हे ना चेहरा सांगतो ना हात. मूठ शस्त्राचाच भाग झालेली दिसते. कौशल्य थोर आहे. पण दहाही जणांची ताकद दिसते, मन एकाचेही दिसत नाही.

मान्तेन्याच्या 'दफन' या त्याच सुमाराच्या छापचित्रात ख्रिस्ताचे कलेवर थडग्यात ठेवले जात आहे. उजवीकडे शिष्य योहान उभा आहे. तोंड आक्रोशाने उघडे, बोटे एकमेकांत घट्ट गुंतलेली. या हातांना धरायला दुसरे काहीच उरलेले नाही. या प्रसंगाविषयी आमची श्रद्धा वेगळी आहे. तरी ते हात समजायला श्रद्धा आड येत नाही. मान्तेन्याच्या तिरक्या, समांतर रेषा सावली देऊन मागे राहतात आणि हातांची बाह्यरेषा ठसठशीत उरते.

पुढे १५१० नंतरच्या काही वर्षांत मार्कान्तोनियो रायमोंदीने राफाएलच्या रचनेवरून 'निष्पाप बालकांचे हत्याकांड' कोरले. तिथे सैनिकांच्या हातांत शस्त्रे आहेत, आयांच्या हातांत लेकरे. रचना राफाएलची, मग रायमोंदीचे श्रेय काय, असे कोणी विचारील. शस्त्र पेलणारी आणि लेकरू कवटाळणारी पकड एकाच कोरणीने वेगळी करून दाखवली, हे त्याचे श्रेय.

मारणारा हात रेखाटणे त्या काळी अनेकांना साधले. रिकामा हात बोलका करणे फार थोड्यांना जमले. थोरवी ठरवताना आम्ही दुसऱ्यालाच झुकते माप देऊ.