रुमाल, पेटी आणि सूची

मराठी समीक्षेत संहितेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. संहितेची स्वायत्तता, तिची अनेकार्थता, तिच्यातील मौने आणि वाचकाचा सहभाग या सर्वांची चर्चा झाली. परंतु ती वाचकाच्या हाती येण्यापूर्वी कोठे होती, कोणत्या कागदांच्या शेजारी होती आणि कोणत्या नावाखाली तिची नोंद झाली होती, हा प्रश्न ग्रंथपालाचा किंवा इतिहाससंशोधकाचा समजून बाजूला ठेवण्यात आला. हे श्रमविभाजन सोयीचे असले तरी निर्दोष नाही. कागदाला ‘पत्र’, ‘टिपण’, ‘आत्मचरित्र’ किंवा ‘किरकोळ’ म्हणणारी सूची ही त्या कागदाची पहिली समीक्षा असते. पुढचा समीक्षक तिच्याशी वाद घालीत नाही, कारण ती समीक्षा आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही.

या विधानाची परीक्षा घेण्यासाठी मंडणगडसारखा प्रदेश उपयोगी पडतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्री नदीच्या मुखाशी असलेला हा लहानसा तालुका. त्यातील वेळास हे भानू घराण्याचे, म्हणजे नाना फडणविसांचे मूळ गाव आणि आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. दोघांचाही जन्म येथला नव्हे. नानांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्यास झाला, आंबेडकरांचा १८९१ मध्ये महूस. दोघांचे कागदही येथे नाहीत. परंतु दोघांनीही स्वतःविषयी एकेक लहानसे, अपुरे भासणारे लेखन मागे ठेवले, आणि त्या दोन लेखनांचा दप्तरापासून वाङ्मयेतिहासापर्यंतचा प्रवास शेजारीशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे.

नाना हे स्वतः दप्तराचे मनुष्य. फडणिशी म्हणजे मुळात हिशेब व कागद यांवरील नियंत्रण. पुण्याच्या हुजूर दप्तरातील विभागांची नावे, म्हणजे रोजकीर्द, घडणी, पागा, जमाव, प्रांत अजमास, चिटणिशी, पाहिली तरी एक गोष्ट स्पष्ट होते. हे वर्गीकरण विषयवार नाही. कागद ज्या कामातून निर्माण झाला त्या कामाचे नाव त्याला मिळाले आहे. युरोपातील अभिलेखविद्येने हेच तत्त्व पुढे शास्त्र म्हणून मांडले. कागद ज्या कचेरीत निर्माण झाले तिच्या नावाने व तिने लावलेल्या क्रमाने ठेवावेत, असे सांगणारी म्युलर, फेइथ आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांची प्रसिद्ध नियमावली १८९८ सालची. याच वर्षी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे खरे. तरीही एकाच वर्षी तिकडे कागदांचा क्रम जपण्याचा विचार पक्का होत होता आणि इकडे कागद निवडून छापण्याची परंपरा उभी राहत होती, हे विसरता येत नाही.

राजवाड्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होते आणि त्याची दारे सामान्य अभ्यासकाला बंद होती. खासगी वाड्यांतील कागद वाळवी, पाऊस आणि वारसांची उदासीनता यांच्या तोंडी होते. अशा स्थितीत छापणे हाच जतन करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग होता. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला तो याच निकडीतून. पुढे दारे किलकिली झाल्यावर गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग काढले. या परंपरेने मराठी इतिहासलेखनाला पाया दिला. परंतु तिने एक सवयही लावली. खंड निघाला की जतन झाले, असे मानण्याची ही सवय. तिला खंडसंस्कृती म्हणता येईल. खंडात कागद येतो तो विषयाने किंवा कालानुक्रमाने. रुमालात त्याच्या वर-खाली काय होते, ते खंड सांगत नाही. मोडीत शब्द तोडण्याची वा विरामचिन्हांची रीत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळला जात नाही. तेव्हा बालबोधीत आलेल्या वाक्याचा शेवट आणि परिच्छेदाचा आरंभ हे संपादकाचे असतात. अठराव्या शतकातील मराठी गद्याची ‘लय’ वर्णन करताना ही गोष्ट किती अभ्यासकांनी मनात धरली असेल?

नानांचे ते लेखन याच वाटेने आले. बालपण, देवपूजेची ओढ, तारुण्यातील कामविकार आणि त्याविषयीची खंत, मातोश्रींसह उत्तरेची यात्रा, पानिपत, तेथून जीव वाचवून परतणे आणि आईची ताटातूट, एवढ्यावर ते थांबते. पुढची चार दशके, ज्यांमुळे नाना इतिहासात आहेत, ती त्यात नाहीत. मराठीत छापले जाण्याआधी जॉन ब्रिग्ज यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत १८२९च्या सुमारास आले. त्याला ‘आत्मचरित्र’ म्हणण्याची रीतही पुढच्या काळातली. एकदा ही संज्ञा चिकटल्यावर मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात आरंभीची जागा त्याला मिळाली आणि त्याचे अपुरेपण हा त्याचा दोष ठरला. ते आत्मचरित्र नसून ईश्वरासमोरचे निवेदन असेल, तर ते अपुरे नाही. आपत्तीतून सुटकेपाशी ते थांबते, कारण सांगायचे तेवढेच होते. कोणता पक्ष बरोबर, याचा निर्णय ते कोणत्या कागदांबरोबर ठेवलेले होते यावरून पुष्कळसा सोपा झाला असता. स्तोत्रे आणि नेमाच्या टिपणांबरोबर असणे वेगळे, राजकीय पत्रव्यवहाराबरोबर असणे वेगळे. मेणवलीच्या वाड्यातील नानांचे दप्तर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या संग्रहात गेले. त्यांचे साताऱ्याचे संग्रहालय १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि एका विद्यापीठीय संस्थेत ते कागद सुरक्षित झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि प्रत्येक स्थलांतरात कागदांवर एक नवे नाव चढते. ‘नानांचे दप्तर’ आणि ‘पारसनीस संग्रह’ या दोन नोंदी एकाच कागदाकडे दोन दिशांनी पाहतात. पहिली निर्मात्याची, दुसरी संग्राहकाची. चांगल्या सूचीत दोन्ही असाव्या लागतात.

आंबेडकरांच्या कागदांची कथा अधिक कठीण आहे. १९५६ मध्ये त्यांच्या निधनानंतर अप्रकाशित लेखन न्यायालयाच्या अभिरक्षेत गेले आणि अनेक वर्षे लोखंडी पेट्यांत राहिले. दप्तराला रुमालाचा तरी क्रम असतो. पेटीला तो नसतो. महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली, पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला आणि वसंत मून यांनी हे काम आयुष्यभराचे मानले. समितीच्या नावातील ‘साधने’ हा शब्द राजवाड्यांचाच. म्हणजे ज्या समाजाला पेशवाईच्या दप्तरात बहुधा दंड, वेठ आणि मनाई यांच्या नोंदींतच जागा होती, त्याच्या नेत्याचे लेखनही त्याच खंडसंस्कृतीच्या साच्यात आले. या वेळी मात्र त्या साच्याला एक निराळे मोल होते. अभिलेखागारात बसण्याची फुरसत आणि ओळखपत्र ज्यांच्याजवळ नव्हते अशा हजारो वाचकांना माफक किमतीचा शासकीय खंड म्हणजे दप्तरावरचा हक्कच होता. १९८७ मध्ये चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध झाला. १९८८च्या आरंभी त्यातील राम आणि कृष्ण यांविषयीच्या परिशिष्टावरून वादळ उठले आणि परिशिष्ट वगळू नये म्हणून मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. कागदाच्या जतनासाठी इतके लोक रस्त्यावर आल्याचे दुसरे उदाहरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शोधूनही सापडणे अवघड. तडजोड म्हणून पुढे त्या परिशिष्टाला शासन त्या मतांशी सहमत नसल्याची टीप जोडली गेली. हीदेखील एक प्रकारची सूचीनोंदच, आणि बरीच बोलकी.

त्या गदारोळात एक प्रश्न मात्र मागे पडला. खंडात ग्रंथ म्हणून दिसणारे हे लेखन हस्तलिखितात सुट्या प्रकरणांच्या रूपात होते. त्यांतील काही टंकलिखित, काहींवर हाताने केलेल्या दुरुस्त्या, आणि प्रकरणांचा अंतिम क्रम लेखकाने कायम केलेला नाही. तिसऱ्या खंडातील प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीवरचे लेखन तर आराखड्यापेक्षा पुष्कळच थोडे आहे. संपादकांनी ही स्थिती प्रामाणिकपणे नोंदवली आहे. पण समीक्षेने प्रस्तावना ओलांडून थेट ‘ग्रंथा’त प्रवेश केला आणि अपूर्ण मसुद्यांवर पूर्ण ग्रंथाची जबाबदारी टाकली.

सर्वांत बोलके उदाहरण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी टिपणाचे आहे. हस्तलिखित रूपात राहिलेले हे लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९ मार्च १९९० रोजी पुस्तिका म्हणून काढले, नंतर ते बाराव्या खंडात आले. ते सर्रास आत्मचरित्रात्मक म्हणून नोंदवले जाते आणि त्याचा काळ १९३५-३६ असा दिला जातो. या दोन्ही नोंदी तपासून पाहाव्यात अशा आहेत. सहा प्रसंगांपैकी पहिले चार लेखकाचे स्वतःचे आहेत : १९०१चा मसूर स्थानकावरून वडिलांकडे गोरेगावला जाण्याचा प्रवास, बडोद्यातील पारशी धर्मशाळा, चाळीसगावचा टांगा, दौलताबादच्या किल्ल्यावरील हौद. उरलेले दोन इतरांचे आहेत. एक काठेवाडातील शिक्षकाचा, त्याच्या बाळंतीण पत्नीला उपचार नाकारणाऱ्या डॉक्टरविषयीचा. दुसरा बोरसद तालुक्यातील कचेरीत कामाला गेलेल्या भंगी तरुणाचा. ‘मी’ येथे चरित्रनायक नाही, साक्षीदार आहे. त्याची साक्ष इतरांच्या साक्षीबरोबर एकाच ओळीत मांडलेली आहे. परकीय वाचकापुढे केलेले हे पुराव्याचे संकलन आहे. त्याला आत्मचरित्र म्हणताच शेवटचे दोन प्रसंग पुरवणीसारखे वाटू लागतात, वस्तुतः रचनेचे रहस्य त्यांच्यातच आहे. शिवाय त्या तरुणाने आपला अनुभव सांगितला तो ६ मार्च १९३८ रोजी दादरला झालेल्या सभेत. मग १९३५-३६ ही नोंद पूर्ण टिपणाला कशी लागू पडते? एकतर ती चुकीची आहे किंवा टिपण टप्प्याटप्प्याने वाढत गेले. कागद, शाई, हस्ताक्षरातील फरक आणि पेटीतील शेजारचे कागद यांचे वर्णन करणारी सूचीच याचे उत्तर देऊ शकते. छापील खंड ते देऊ शकत नाही.

कालनिर्देशाचा हा प्रश्न किरकोळ नव्हे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले आणि दलित आत्मकथनांचा प्रवाह सुरू झाला. हे टिपण त्याच्या कितीतरी आधी लिहिलेले, परंतु ‘बलुतं’नंतर बारा वर्षांनी उपलब्ध झालेले. आज अभ्यासक्रमांत ते परंपरेच्या आरंभी ठेवले जाते, जणू पुढच्या लेखकांनी ते वाचले होते. लेखनाचा काळ आणि वाचनाचा काळ यांतील हे अंतर सूचीत नोंदले नाही, तर वाङ्मयेतिहास काल्पनिक वंशावळी रचत राहतो.

फूकोने १९६९ मध्ये आणि देरिदाने १९९५ मध्ये अभिलेखागाराविषयी जे लिहिले त्याचे दाखले मराठी प्रबंधांत आता सहज आढळतात. त्या चर्चेत सत्तेला भरपूर जागा आहे, रुमालाची गाठ सोडणाऱ्या हाताला फारशी नाही. आपल्या विद्यापीठांत तर हा हात बहुधा ग्रंथपालाचा असतो आणि त्याची तालीम पुस्तकांवर झालेली असते. पुस्तकाला स्वतंत्र क्रमांक, स्वतंत्र विषय. हीच रीत कागदांना लावली की एका पत्राचे उत्तर दुसऱ्या कपाटात जाते. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातील चांगदेव खैरमोडे यांचा संग्रह हा आंबेडकरांचे बारा खंडांचे चरित्र लिहिणाऱ्या माणसाने जमवलेला आहे. तो चरित्रकाराच्या कामाच्या क्रमानेच वाचायला हवा, कारण त्या क्रमात एका चरित्रग्रंथाची घडण दिसते. संगणकीय प्रतिमांकनाने हा धोका वाढला आहे. पडद्यावर प्रत्येक पान सुटे असते, आणि शोधपेटीत टाकलेल्या शब्दाला शेजार ठाऊक नसतो.

तो शब्द ‘मंडणगड’ असेल तर काय हाती लागेल? ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लेखक आपले घराणे मूळचे दापोली तालुक्यातील असल्याचे सांगतो, कारण तेव्हा मंडणगड ही दापोलीची पेटा होती. या भागातील सुरुवातीचे इंग्रजी कागद बाणकोट किंवा ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ या नावाने मिळतील. इंग्रजांनी १७५६ पासून बाणकोट आपल्याकडे ठेवले होते आणि दक्षिण कोकण जिल्ह्याचे ठाणे १८१९ पासून १८२२ मध्ये रत्नागिरीला जाईपर्यंत तेथेच होते. त्याआधीच्या जमाबंदीसाठी प्रांत अजमासचे रुमाल पाहावे लागतील. जुन्या-नव्या स्थलनामांची परस्परनिर्देश देणारी एक साधी यादी कोणत्याही मराठी विभागाला दोन-तीन वर्षांच्या पदव्युत्तर प्रकल्पांतून करता येईल. तिला मोडी वाचणारे विद्यार्थी लागतील, महसुली नकाशे लागतील आणि सूची करणे हे प्रबंधाच्या तोडीचे संशोधन आहे हे मान्य करणारे मार्गदर्शक लागतील. तशी यादी होईपर्यंत वेळास आणि आंबडवे या दोन गावांचे कागद एकाच तालुक्याचे आहेत, ही गोष्ट सूचीला कळण्याचे कारण नाही.